काळोखात बुडालेले छायाचित्र

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेवरील निर्ण्यासारख्या गावी, जाड भिंतींच्या जुन्या घरात घेतलेले एखादे छायाचित्र पाहावे. ओसरीवर आजी बसली आहे. मागे उघड्या दारातून अंगणातले ऊन दिसत आहे. अंगण स्वच्छ उमटले आहे. पण जिच्यासाठी चित्र काढले, तिचा चेहरा मात्र काळवंडून गेला आहे. आजी हयात नसेल तर ही चूक पुन्हा चित्र घेऊन दुरुस्त करता येत नाही. मग प्रश्न एवढाच उरतो की, त्या काळोखात चेहरा शिल्लक आहे काय, आणि असल्यास तो बाहेर कसा काढावा?

दोष यंत्राचा म्हणावा, तर यंत्राने आपले काम चोख केलेले असते. समोरील उजेडाची सरासरी पाहून कॅमेरा आत किती प्रकाश घ्यावयाचा ते ठरवितो. अंगणातील ऊन प्रखर, म्हणून तो हात आखडता घेतो. आणि ओसरी अंधारात पडते. बिदरी सुरईचे चित्र घेणाऱ्यासही हाच अनुभव येतो. चांदीच्या नक्षीवर ऊन चमकले की भोवतालची काळी भूमी नुसता डाग होऊन बसते.

ही अडचण आजची नव्हे. बीदर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ हे काचेवर चित्रे घेत. कमी प्रकाश मिळालेली काच रसायनांनी गडद करण्याची युक्ती त्या काळी प्रचारात होती. मात्र काचेवर चांदीचे कण मुळात बसलेच नसतील, तेथे रसायनाचा इलाज चालत नसे. आजच्या संगणकालाही नेमका हाच नियम लागू आहे.

संगणकास चित्र म्हणजे आकड्यांची मांडणी. नेहमीच्या चित्रात ० म्हणजे निखळ काळा आणि २५५ म्हणजे निखळ पांढरा. नवशिका माणूस उजळपणाची पट्टी सरकवितो. समजा, प्रत्येक आकड्यात ६० मिळविले, तर चेहऱ्याचा २५ हा ८५ होतो खरा. पण काळ्या केसांचा ० हा ६० होऊन राखेसारखा दिसतो, आणि अंगणातील २२५ हा २५५ ची मर्यादा ओलांडू पाहतो व तेथील तपशील पुसला जातो. चित्रावर जणू धुके पसरते. याहून बरा उपाय ‘लेव्हल्स’ या साधनात आहे. तेथील मधली खूण गॅमा २ वर नेली, तर २५ चा ८० होतो, २२५ चा केवळ २४० होतो, आणि ० व २५५ जागचे हलत नाहीत. १९९० साली आलेल्या फोटोशॉपमध्ये ही सोय आहे, तशीच १९९५ साली बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी आरंभिलेल्या जिंप या विनामूल्य कार्यक्रमातही आहे. शिवाय उजळलेला थर मूळ चित्रावर ठेवून मुखवट्याने अंगण झाकले, म्हणजे उजेड फक्त चेहऱ्यावर पडतो. मुखवट्याची कड मऊ ठेवावी. नाही तर आजीभोवती प्रभावळ उमटते!

तरी काळोखाची किंमत द्यावीच लागते. प्रकाश हा कणाकणाने येतो. जेथे दहा हजार कण पडले, तेथे स्वाभाविक चढउतार शंभराचा, म्हणजे शेकडा एक. जेथे शंभरच पडले, तेथे तो दहाचा, म्हणजे शेकडा दहा. चेहरा उजळला की ही खरखरही उजळते, आणि गालावर वाळू विखुरल्यासारखी दिसते. कॅमेऱ्याने ‘रॉ’ स्वरूपात चित्र राखले असेल तर बारा बिटांत ४०९६ पायऱ्या हाती असतात. २५६ पायऱ्यांच्या चित्रापेक्षा त्यातून बरेच अधिक वाचते. जेथे सलग ० आहे, तेथे मात्र काहीच नाही.

हल्लीचे काही कार्यक्रम अशा रिकाम्या जागीही डोळे आणि सुरकुत्या भरून देतात. असंख्य परक्या चेहऱ्यांवरून केलेला तो अंदाज असतो. चित्र देखणे होते, पण ती सुरकुती आजीची असेलच असे नाही. घरच्या वडीलधाऱ्यांना दोन्ही चित्रे शेजारी ठेवून दाखवावीत, आणि मूळ चित्राला हात न लावता सारे काम नकलेवरच करावे.