दिनविशेषाचा फळा



शाळेच्या परिपाठात प्रार्थना झाली, सुविचार झाला, की एखादा विद्यार्थी पुढे येऊन ‘आजचा दिनविशेष’ वाचतो. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात दिनविशेष असतो, भिंतीवरच्या कॅलेंडरात असतो, आणि हल्ली तर आपण चूळ भरण्यापूर्वीच तो मोबाइलवर येऊन बसलेला असतो. त्याचाच पुढचा अवतार म्हणजे रोजचा प्रश्न. आज कोणाची जयंती? आज कोणता करार झाला? खाली चार उत्तरे, त्यांतले एक खरे. हा खेळ मला मनापासून आवडतो. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत बरेच झाले. तिथल्या फळ्यावर रोज एक तारीख आणि एक प्रश्न लिहिण्याचे काम मी पुष्कळ वर्षे केले. त्या फळ्याने जे शिकवले तेवढेच आज सांगतो.

२३ जुलै ही तारीख घ्या. कोणताही फळा पाहा, त्यावर लोकमान्य टिळकांची जयंती असते, साल १८५६. कोणी जाणकार असला तर चंद्रशेखर आझादांचीही लिहितो, साल १९०६. दोन्ही बरोबर. पण याच तारखेला, १९०८ साली, मुंबईच्या गिरण्यांतले कामगार बाहेर पडले. आदल्या दिवशी, २२ जुलैला, टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली होती. कामगारांनी हिशेब केला : वर्षाला एक दिवस, म्हणजे सहा दिवस संप. लष्कर रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसे पडली. तिकडे परदेशात असलेल्या लेनिनने त्याच वर्षी एका लेखात या संपाची दखल घेतली. टिळक केव्हा जन्मले हे आपली मुले पाठ म्हणतात. त्यांच्यासाठी पोटाला चिमटा घेऊन कोण रस्त्यावर उतरले, हे मात्र फळ्यावर येत नाही. कारण उघड आहे. दिनविशेष हा मुळात जन्ममृत्यूंच्या नोंदीवर चालतो, आणि ज्यांची नोंद राहिली त्यांचाच दिवस होतो. गिरणीतल्या जॉबरची किंवा साचेवाल्याची जन्मतारीख त्याच्या आईलाही पोळ्याच्या किंवा दुष्काळाच्या खुणेनेच सांगता येई.

दुसरी अडचण अशी की एका दिवसाचे नाव घेतले की मागचा सारा खटाटोप दिसेनासा होतो. ‘रविवारची सुट्टी केव्हा मिळाली?’ या प्रश्नाचे उत्तर १० जून १८९० असे देतात, आणि तो दिवस नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाशी जोडतात. योग्यच आहे. पण लोखंड्यांनी कामगारांच्या सभा भरवून ही मागणी मांडली ती सप्टेंबर १८८४ मध्ये, आणि अर्जावर साडेपाच हजार सह्या व अंगठे होते. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, अशा त्या साध्या मागण्या. म्हणजे एका रविवारासाठी जवळजवळ सहा वर्षे! मी फळ्यावर तारीख आधीच लिहून टाकीत असे आणि विचारीत असे, ‘मागणीपासून मिळकतीपर्यंत किती दिवस गेले?’ पोरे बोटे मोजू लागत, आणि मोजता मोजता मधल्या वर्षांत काय झाले ते विचारू लागत.

आता तारखेचीच गोष्ट. रशियातली ऑक्टोबर क्रांती ७ नोव्हेंबरला का साजरी होते? तिथे तेव्हा जुने पंचांग चालू होते. ते नव्या पंचांगाच्या तेरा दिवस मागे होते, म्हणून त्यांच्या २५ ऑक्टोबर १९१७ ला जगात ७ नोव्हेंबर होता. पेट्रोग्राडच्या बायका भाकरीसाठी रस्त्यावर आल्या तो त्यांचा २३ फेब्रुवारी म्हणजेच आपला ८ मार्च. आपल्याकडेही हीच गंमत आहे. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. त्याची तारीख १९ फेब्रुवारी १६३० म्हणतात ती जुन्या युरोपी गणनेची. नव्या गणनेने तोच दिवस १ मार्चला पडतो. तिथी पाळणारा आणि तारीख पाळणारा एकमेकांशी भांडतात, पण हा हिशेब क्वचितच कोणी मांडून दाखवतो. तो दाखवला तर भांडण नाही मिटले तरी त्याला थोडे शहाणपण येईल.

तारखेइतकेच गावही महत्त्वाचे. ‘स्वातंत्र्य केव्हा मिळाले?’ याला रिठदचे उत्तर १५ ऑगस्ट १९४७. पण इथून दक्षिणेला हिंगोलीकडच्या गावात जा. तो मुलूख निजामाच्या राज्यात होता. तिथे पोलिस कारवाईनंतर १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला, म्हणजे तेरा महिन्यांनी. सोयरीक दोन्हीकडे, बाजार दोन्हीकडे, आणि स्वातंत्र्याच्या तारखा दोन. छापील प्रश्नपत्रिकेला एकच उत्तर हवे असते. मास्तरांनी तरी दोन्ही उत्तरांना गुण द्यावेत.

आपल्या जिल्ह्याचेच पाहा. ‘वाशीम जिल्हा केव्हा झाला?’ सारे म्हणतात १ जुलै १९९८, अकोल्यातून वेगळा. खरे आहे, पण वाशीम हा इंग्रजी अमलातही एक जिल्हा होता. तो १९०५ साली मोडला. तेव्हा १९९८ ला तो पुन्हा झाला.

म्हणून शाळेतल्या मुलांना मी एक प्रश्न देऊन ठेवतो. तो कॅलेंडरात सापडणार नाही, तो घरी विचारावा लागेल. समजा, एक बाई १९५० च्या उन्हाळ्यात रिठदला जन्मली आणि गाव सोडून कधी गेली नाही. जन्मली ती मध्य प्रदेश राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला ती द्विभाषिक मुंबई राज्यात आली, १ मे १९६० ला महाराष्ट्रात, आणि १९९८ पासून अकोल्याऐवजी वाशीम जिल्ह्यात. एवढ्या पाट्या बदलल्या तेव्हा तिच्या घरात त्या दिवशी काय चालले होते? पेरणी, कापूसवेचणी, की कोणाचे लग्न? तुमच्या आजीला आज रात्री विचारा, आणि जे सांगेल ते उद्या परिपाठात वाचा.