बिल्टी हाती, पण गाठ कुठे?

आमच्या पेढीचे ऑर्डर घेण्याचे संकेतस्थळ एका होतकरू मुलाने करून दिले. "सगळे काम गिटहबवर ठेवले आहे," असे सांगून तो शेवटचा हप्ता घेऊन गेला. पुढे दुसऱ्या जाणकाराने ते उतरवून घेतले, तर कापडाच्या नमुन्यांचा फोल्डर रिकामा! मुलाची नियत साफ होती. चूक कुठे झाली, ते व्यापारी बंधूंच्या माहितीसाठी लिहीत आहोत.

गिट म्हणजे कामातील प्रत्येक बदल टिपणारी वही. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ साली तयार केली. २००८ साली सुरू झालेले गिटहब हे अशा वह्यांचे कोठार. एका वहीत दुसरी वही ठेवली, तर बाहेरची वही आतला माल उचलत नाही. त्याच्या नोंदीचा क्रमांक तेवढा लिहून घेते. म्हणजे बिल्टीचा नंबर आला, गाठ आली नाही. गाठ कुठून सोडवायची तो पत्ता '.गिटमॉड्यूल्स' या फाइलीत लागतो. पत्ता नसेल, तर गिटहबवर तो फोल्डर दिसतो, पण उघडत नाही.

इलाज असे :

१) पत्ताच नसेल, तर 'गिट आरएम --कॅश्ड' व फोल्डरचे नाव देऊन जुना दुवा काढावा. याने संगणकावरचा माल पुसला जात नाही. मग आतला लपलेला '.गिट' फोल्डर बाहेर जपून ठेवावा आणि 'गिट ॲड', कमिट, पुश करावे. आतली वही स्वतंत्रच ठेवायची असेल, तर 'गिट सबमॉड्यूल ॲड'ने पत्त्यासह जोडावी.

२) पत्ता बदलला असेल, तर फाइलीत नवा लिहून 'गिट सबमॉड्यूल सिंक', नंतर 'गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट' करावे.

३) पत्ता बरोबर, पण क्रमांक सापडत नसेल, तर बहुधा आतली वही पुश करायची राहिलेली असते. ती आधी चढवावी.

आमचा माल त्या मुलाच्या संगणकावर शिल्लक होता, म्हणून अल्लाहच्या कृपेने निभावले. त्याने तो पुसला असता, तर कोणताही इलाज चालला नसता.

म्हणून शेवटचा हप्ता देण्यापूर्वी दुसऱ्या संगणकावर 'गिट क्लोन --रिकर्स-सबमॉड्यूल्स' करवून प्रत्येक फोल्डर उघडून पाहावा. सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. लिहिलेले तपासून घेणे हे आपले काम.