पुढच्या काचेची दुरुस्ती : धंदा लहान, गिऱ्हाईक कसे मिळवावे?



या पानावर आम्ही एरवी आडसाली लागण, बेणेप्रक्रिया, खोडव्यातले पाचट, माती परीक्षण अशा विषयांवर लिहीत असतो. या वेळचा विषय उसाचा नाही, पण ऊसवाल्यांच्या घरातलाच आहे. गट ऑफिसला उसाची नोंद द्यायला येणारे सभासद हल्ली जाता जाता पोराच्या धंद्याचे विचारतात. दीड एकरात दोन भावांचे भागत नाही, हे आम्हाला नोंदीच्या रजिस्टरवरच दिसते. जिथे पूर्वी एक उतारा होता तिथे आज तीन आहेत. मग एक जण शेती बघतो आणि दुसरा रस्त्याकडेला काहीतरी दुकान टाकतो. त्यांतल्या काही पोरांनी मोटारीच्या पुढच्या काचेचा टवका भरण्याचे काम शिकून घेतले आहे. सामान, दिवा आणि गाळ्याचे डिपॉझिट यासाठी पतसंस्थेचे कर्ज काढले आहे. हप्ता दर महिन्याला येतो. “साहेब, पोराला काम येतंय, पण गिऱ्हाईकच येईना,” ही तक्रार आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकली. त्यावर चार गोष्टी येथे मांडत आहोत.

आधी काम काय आहे ते थोडक्यात पाहू, कारण बापालाच ते नीट ठाऊक नसते. मोटारीची पुढची काच एकच जाड काच नसते. दोन पातळ काचांच्या मध्ये प्लास्टिकचा चिवट पडदा दाबून बसवलेला असतो. अशा काचेचे पेटंट फ्रान्समधील एदुआर बेनेदिक्त्यूस यांनी १९०९ साली घेतले. दगड लागला तरी ही काच तडकते, अंगावर कोसळत नाही, ती या पडद्यामुळे. पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडालेली खडी बहुतेक वेळा बाहेरचाच थर फोडते, आतला थर शाबूत राहतो. त्या टवक्यातली हवा ओढून काढायची, त्यात पातळ राळेसारखे रसायन दाबाने भरायचे आणि अतिनील किरणांच्या दिव्याखाली ते घट्ट करायचे, एवढे हे काम. साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. काच काढावी लागत नाही. बाजूच्या दाराची काच मात्र वेगळी असते. ती फुटली की तिचा चुरा होतो, तिला दुरुस्ती नाही.

आता मुद्द्याचे. हा धंदा चालत नाही याचे कारण दर जास्त आहे किंवा दुकान आतल्या गल्लीत आहे, असे पोरांना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. खरे कारण दोन शब्दांचे आहे : माहीत नाही. काच दुरुस्त होते हेच लोकांना ठाऊक नाही. काच फुटली म्हणजे बदलायची, किंवा तशीच चालवायची, एवढेच आपल्याकडे माहीत. त्यात वेळेची भर. टवका आज नाण्याएवढा आहे तोवर भरता येतो. उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी मारले, एकदम एसी लावला, रस्त्यातला खड्डा जोरात आदळला, की त्याचा तडा होऊन काचभर धावतो आणि मग गिऱ्हाईक कायमचे हातचे गेले. खोडकिडीचा एखादा पोंगा वाळलेला दिसला तेव्हाच हात घालावा लागतो, फड वाळल्यावर औषध घेऊन उपयोग नाही, तसेच हे. म्हणजे या धंद्यात विक्री करायची ती टवका पडल्यापासून तडा जाईपर्यंतच्या थोड्या दिवसांत. दुकानात बसून वाट पाहणाऱ्याला ते दिवस सापडत नाहीत.

मग फुटलेली काच सर्वांत आधी कोणाला दिसते? मालकाला नाही. ड्रायव्हरला दिसते, पण तो मालक रागावेल म्हणून सांगत नाही. त्याच्या खालोखाल दिसते ती वॉशिंग सेंटरवाल्या पोराला, पेट्रोल पंपावर काच पुसणाऱ्याला, पंक्चरवाल्याला, गॅरेजवाल्याला. ही माणसे आपले खरे विक्रेते. त्यांच्याकडे जाऊन बसावे, चहा घ्यावा, टवका कसा ओळखायचा आणि कोणता भरता येतो ते दाखवून द्यावे. आणलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकामागे काय द्यायचे ते उघड ठरवावे आणि ते त्याच दिवशी द्यावे. कमिशन थकवणाऱ्याचे नाव बाजारात फार लवकर पसरते.

परदेशातले या धंद्यातले लोक एक साधी युक्ती करतात ती आम्हाला आवडली. पारदर्शक चिकटपट्टीचे लहान गोल तुकडे छापील कार्डावर चिकटवून फुकट वाटतात. टवका पडला की लगेच त्यावर पट्टी लावायची, म्हणजे आत धूळ आणि पाणी जात नाही आणि नंतरची दुरुस्ती चांगली वठते. कार्डावर फोन नंबर असतोच. असे कार्ड गाडीच्या कप्प्यात पडून राहते आणि नेमक्या वेळी हाताला लागते. आपल्याकडे हे काम साध्या चिकटपट्टीत आणि गावच्या छापखान्यात होऊन जाईल. चौकात मोठा फ्लेक्स लावण्याच्या खर्चात अशी कितीतरी कार्डे निघतील. फ्लेक्सचे काय होते ते आपण पाहतोच : वर पुढाऱ्यांचे आठ फोटो, मध्ये मालकाचा फोटो आणि फोन नंबर खाली कोपऱ्यात, तो चालत्या गाडीतून वाचता येत नाही.

दुकानाच्या पाटीवर ‘ग्लास वर्क्स’ एवढेच लिहून भागणार नाही. ‘काच बदलू नका, टवका भरून मिळेल’ असे मराठीत ठळक लिहावे. दाराशी भंगारातून आणलेली एक जुनी पुढची काच उभी करावी. तिच्यावर मुद्दाम दोन टवके पाडावेत, एक भरून ठेवावा आणि दुसरा तसाच राहू द्यावा. गिऱ्हाइकाला बोट फिरवून बघू द्यावे. पन्नास वाक्ये बोलून जे पटत नाही ते बोटाला कळते. गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद फुकट होते, ती मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावांनी करावी. परगावच्या गाडीला खडी लागली तर तो ड्रायव्हर फोनवरच शोधणार. प्रत्येक कामाचा आधीचा आणि नंतरचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकाला पाठवावा. तो फोटो पुढे चार जणांकडे जातो, त्याला जाहिरात खर्च नाही.

विम्याचा मुद्दा आम्ही सविस्तर देत आहोत, कारण गिऱ्हाईक पहिल्या झटक्यात “इन्शुरन्समधून काच बदलून घेईन की” असे म्हणते आणि पोरगे तिथेच गप्प होते. संपूर्ण विमा असलेल्या मोटारीत काचेला घसारा धरत नाहीत हे खरे. पण दाव्यातून सक्तीची वजावट होते, पंधराशे सी. सी. पर्यंतच्या खासगी मोटारीला ती १,००० रुपये आहे. शिवाय दावा केला की नो क्लेम बोनस जातो. हा बोनस पहिल्या बिनदाव्याच्या वर्षाला २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के असा चढत जातो, आणि तो हप्त्यातील गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागावर मिळतो.

हिशेब करून पाहू. समजा तो भाग ८,००० रुपये आहे आणि मालकाला ५० टक्के बोनस आहे. म्हणजे तो ४,००० भरतो. काच बदलण्याचे बिल ७,००० झाले. दावा केला तर १,००० वजा जाऊन कंपनी ६,००० देईल. पुढच्या वर्षी बोनस शून्य, भरावे लागतील ८,०००, म्हणजे ४,००० जादा. त्यापुढच्या वर्षी २० टक्के मिळून ६,४०० भरावे लागतील, म्हणजे आणखी २,४०० जादा. हप्ता तोच राहिला असे धरले तर दोन वर्षांत ६,४०० रुपये गेले, आणि मिळाले होते ६,०००. शिवाय पहिले १,००० खिशातून गेले ते वेगळेच. याउलट टवका भरण्याचे, समजा, ८०० रुपये झाले, तर ते सक्तीच्या वजावटीपेक्षाही कमी. हा हिशेब एका कागदावर लिहून काउंटरवर काचेखाली ठेवावा. काही पॉलिसींत बोनस राखण्याची जादा सोय घेतलेली असते, म्हणून गिऱ्हाइकाला आधी त्याची पॉलिसी पाहायला सांगावे. गावातल्या विमा एजंटालाही हा कागद द्यावा. आपल्या गिऱ्हाइकाचा बोनस वाचवणारा माणूस एजंटाला हवाच असतो.

विम्याच्या बाबतीत एक इशारा. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात संपूर्ण विमा असेल तर पुढच्या काचेच्या दाव्यात मालकाला वजावट लागत नाही. तिथल्या काही काचवाल्यांनी गिऱ्हाइकाला बक्षिसे देऊन, दाव्याचे हक्क आपल्या नावे लिहून घेऊन विमा कंपन्यांवर खटल्यांमागून खटले घातले. शेवटी २०२३ साली तिथल्या सरकारने कायदा करून बक्षीस आणि हक्क लिहून घेणे दोन्ही बंद केले. आपल्याकडेही “बिल जरा वाढवून दे, विम्यातून काढतो” म्हणणारे भेटतात. अशा बिलावर सही करून दुकानदार एकदा सापडला की विमा एजंट, गॅरेजवाले, सगळ्यांची दारे बंद होतात. हे गिऱ्हाईक हात जोडून परत पाठवावे.

नाही म्हणणे हाही या धंद्यात विक्रीचाच भाग आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. टवका पाच रुपयांच्या नाण्याखाली झाकत नसेल, काचेच्या कडेला तडा गेला असेल, आतला थरही फुटला असेल, तर भरू नये. ड्रायव्हरच्या नजरेसमोरचा टवकाही भरू नये, कारण भरल्यावरही पुसटसा डाग राहतो आणि रात्री समोरच्या दिव्यात तो चमकतो. नव्या काही मोटारींत काचेमागे कॅमेरा असतो, त्याच्या समोरची इजा कंपनीच्या वर्कशॉपकडेच पाठवावी. जे भरायचे त्याच्याबद्दलही सुरुवातीलाच सांगावे की, मजबुती येईल, तडा धावणे थांबेल, पण काच कोरी दिसणार नाही. काम चालू असताना क्वचित तडा पुढे धावतो, तेव्हा पैसे घेणार की नाही हे काम हातात घेण्याआधी ठरलेले असावे. आमच्या मते घेऊ नयेत. ही बोली आधी झाली नाही तर दुकानासमोर भांडण होते, आणि ते चार गावांत ऐकू जाते.

दराविषयी फार लिहिण्यासारखे नाही. शेजारच्यापेक्षा पन्नास रुपये कमी करून हे गिऱ्हाईक वाढत नाही, कारण मुळात शेजारी कोणी हे काम करतच नाही. दर पाटीवर लिहावा आणि सर्वांना एकच ठेवावा. एकाच गाडीला दुसरा टवका असेल तर त्याला कमी घ्यावे, हे रास्त आहे.

उधारीचे मात्र बोलले पाहिजे. हंगामात ऊस वाहतूकदारांची ट्रक-टेम्पो हेच मोठे गिऱ्हाईक, आणि ते म्हणणार, “वाहतुकीचं बिल निघालं की देतो.” वाहतूकदार उधारी मागणारच, तेव्हा ती बिलाच्या पंधरवड्याशी बांधून घ्यावी. वहीत गाडी नंबर, तारीख आणि ड्रायव्हरची सही घ्यावी, आणि पहिले बिल निघून पैसे आले नाहीत तर त्या मालकाची दुसरी गाडी उधारीवर करू नये, मग तो पाव्हणा असला तरी. दुकानाची उधारी कारखान्याच्या बिलातून कापून द्या, असे अर्ज काही जण आमच्याकडे आणतात. तशी खासगी कपात कारखाना करीत नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

गाळप हंगाम संपला की हे काम निम्म्यावर येते आणि पावसाळ्यात आणखी अडचण होते, कारण टवक्यात ओल असेल तर रसायन नीट धरत नाही. त्यासाठी गाडी आत उभी राहील असे छप्पर आणि काच कोरडी करण्याची सोय हवी. त्या दिवसांत शाळेच्या बसगाड्या, दूध संघाच्या गाड्या, जुन्या मोटारींचे व्यापारी यांच्याकडे आपण होऊन जावे. जुनी गाडी विकण्याआधी टवका भरलेला असला तर व्यापाऱ्याला भाव पाडून मागणाऱ्याचे एक निमित्त कमी होते, हे त्याला लगेच पटते. पुढच्या हंगामाचे वाहतुकीचे करार करायला वाहनमालक शेतकी ऑफिसला येतात, आणि त्याच सुमारास गाड्या पासिंगला काढायची त्यांची धांदल असते. ज्यांची मुले हे काम करतात त्यांनी त्या दिवसांत कार्डे घेऊन यावे. केनयार्डात गाडीवर काम करायचे असेल तर शेतकी ऑफिसची लेखी परवानगी आधी घ्यावी, आणि नंबरात उभी असलेली भरलेली गाडी रांगेतून बाहेर काढायला लावू नये.

— ऊस विकास अधिकारी