फडफडली की फाटली

पन्हाळ्यावर पाऊस आडवा येतो. झड भिंतीत मुरू नये म्हणून पश्चिमेकडे ताडपत्री बांधायची, खालून विटांनी दाबायची. ही ताडपत्री फाटते कुठे ते बघावं. मधोमध क्वचितच, कडीपाशी, नाहीतर जिथे ढिली राहून रात्रभर फडफडली तिथे. कापडाला पाणी सोसतं, ओढही सोसते. फडफड सोसत नाही.

गडाला कापडी भिंती नव्या नाहीत. 1660 च्या मार्चपासून जुलैपर्यंत सिद्दी जौहरची छावणी खाली पसरली होती आणि भर पावसातही वेढा उठला नाही. दगडी तटाआड शिवाजी महाराज, कनातीआड जौहर! राहुटीच्या दोरीला आपण तणावच म्हणतो.

आता इमारतींच्या दर्शनी अंगाला जे कापड लावतात, ते पॉलिएस्टरच्या विणीवर पीव्हीसी किंवा काचतंतूंच्या विणीवर टेफ्लॉन चढवलेलं असतं. यातली गोम इचलकरंजीचा विणकर चटकन ओळखेल. ताणा सरळ जातो, बाणा त्याच्या वर-खाली नागमोडी. म्हणून ओढलं की कापड बाण्याच्या दिशेने जास्त वाढतं. तो हिशेब धरून ते मुळातच तोकडं बेततात आणि ओढून मापाला आणतात. शिंपी माया ठेवतो, त्याच्या अगदी उलट. शिवाय सपाट कापड वाऱ्याने पोटासारखं फुगतं, म्हणून त्याला खोगिरासारखे दोन उलटे बाक देतात.

दुबईच्या 321 मीटर उंच बुर्ज अल अरबची (1999) शिडासारखी पांढरी बाजू अशाच दुपदरी टेफ्लॉन-काचतंतूंची आहे. दिवसा ऊन तिच्यातून मऊ होऊन आत उतरतं. तिच्यासमोर फोटो काढून आलेल्या आपल्या किती मंडळींना ते कापड आहे हे ठाऊक असेल?

पन्हाळ्यावर असलं शिड नको. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या गडाला ते शोभणारही नाही. पण गावातल्या घरांच्या पश्चिम भिंतीपुढे वीतभर जागा सोडून जाळीदार कापड ताणलं, तर झडीचा जोर त्यावरच मोडेल आणि मागून वारा खेळून भिंत सुकेल. भिंतीला चिकटलेली ताडपत्री ओल कोंडून ठेवते, हे पावसाळा सरल्यावर नाकालाच कळतं.

तोवर निदान ताडपत्रीच्या वरच्या-खालच्या कडेत एकेक बांबू गुंडाळून दोऱ्या ओढून घ्याव्यात. एकट्या कडीवर येणारा भार मग बांबूभर वाटला जातो.