कुत्र्याची किडनी खराब झाली म्हणजे नेमकं काय होतं? आणि घरच्यांनी काय करायचं?

दहा-बारा वर्षांचा कुत्रा अचानक भांडंच्या भांडं पाणी संपवायला लागतो. आयुष्यात कधी घरात शू न केलेला एके रात्री हॉलमध्ये करून ठेवतो. घरचे म्हणतात, म्हातारा झालाय, त्यात उन्हाळा. मग तो जेवण सोडतो, उलट्या होतात, तोंडाला विचित्र वास यायला लागतो. ब्लड रिपोर्ट येतो तेव्हा त्यात क्रिएटिनिनचा आकडा ठळक केलेला असतो. आणि डॉक्टरांना पहिला प्रश्न जातो, "किती दिवस आहेत?"

याचं नेमकं उत्तर कुठलाच डॉक्टर देऊ शकत नाही. त्याआधी वेगळा प्रश्न विचारायला हवा. हा आजार अचानक आलाय की हळूहळू वाढलाय?

कारण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टो, द्राक्षं किंवा मनुके खाणं, माणसांची पेनकिलर पोटात जाणं, यातून किडनी काही दिवसांत बंद पडू शकते. पण वेळेत सलाईन आणि उपचार मिळाले तर ती सावरूही शकते. लेप्टोचा संशय असेल तर कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच पुसायची, कारण तो माणसांनाही होतो.

हळूहळू झालेल्या आजारात मात्र गेलेली किडनी परत येत नाही. शिवाय तो लपून राहतो. साधारण ७५ टक्के काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन वाढलेलं दिसतच नाही. एसडीएमए नावाची टेस्ट त्याच्या आधी इशारा देते, पण ती सहसा कुणी स्वतःहून करून घेत नाही. त्यामुळे "आमच्या लक्षात कसं आलं नाही" म्हणून घरात एकमेकांवर खापर फोडलं जातं, त्याला फारसा अर्थ नसतो.

आकडा किती वाईट?

'इंटरनॅशनल रीनल इंटरेस्ट सोसायटी'ने या आजाराच्या चार पायऱ्या ठरवल्यात. क्रिएटिनिन १.४ च्या खाली असेल तर पहिली, २.८ पर्यंत दुसरी, ५ पर्यंत तिसरी आणि ५ च्या वर चौथी. पण पायरी ठरवायची ती कुत्रा स्थिर झाल्यावर. उलट्यांनी शरीरातलं पाणी कमी झालं की आकडा फुगतो, आणि सलाईननंतर तोच बराच खाली येऊ शकतो. म्हणून पहिल्या दिवशीचा रिपोर्ट बघून हातपाय गाळायचे नाहीत. दुसऱ्या पायरीवरचे कुत्रे योग्य काळजी घेतली तर पुढे बराच काळ चांगले जगू शकतात. चौथ्या पायरीवर गणित अवघड होतं. डायलिसिस आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी आहे आणि खर्चिक आहे.

घरी होणाऱ्या चुका

सगळ्यात मोठी चूक पाण्याची. कुत्रा घरात शू करतोय म्हणून रात्री त्याचं पाणी उचलून ठेवलं जातं. खरं तर किडनी लघवी घट्ट करू शकत नाही म्हणून ती जास्त होते, आणि ती भरपाई म्हणून तो पाणी पितो. पाणी तोडलं की आजार आणखी भडकतो. पाणी चोवीस तास समोर हवं, फार तर खाली जुनी चादर टाका.

दुसरी चूक औषधांची. पाय दुखतोय असं वाटलं म्हणून घरातली आयब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक दिली जाते. निरोगी कुत्र्यालाही ती धोक्याची, आजारी किडनीला तर विष.

जेवणात फॉस्फरस कमी करायचा असतो. म्हणजे हाडं, पनीर, चीज बंद. पण चिकन एकदम तोडून नुसता दूधभात सुरू करणं हाही उपाय नाही. तेवढ्यावर स्नायू झडतात, आणि दुधातही फॉस्फरस असतोच. किडनीसाठीचं तयार अन्न मिळतं, ते परवडत नसेल तर डॉक्टरांकडून घरच्या जेवणाचं प्रमाण लिहून घ्यावं. ब्लड प्रेशरही तपासून घ्यावं, या आजारात ते वाढतं आणि कधी कधी अचानक आंधळेपण येतं. त्वचेखाली सलाईन देणं डॉक्टर शिकवतात, अनेक घरांत ते रोजचं काम होऊन जातं.

थांबायचं कधी?

इथे घरात दोन गट पडतात. एकाला वाटतं अजून एक सलाईन देऊन बघू, दुसऱ्याला त्याचे हाल बघवत नाहीत. त्यात आजी म्हणते, जीव घेणारे आपण कोण. आणि पैशांचा विषय काढायची तर सगळ्यांनाच लाज वाटते. खरं तर तो पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांसमोर स्पष्ट बोलून टाकावा.

अमेरिकेतल्या पशुवैद्यक अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये यासाठी एक मोजपट्टी मांडली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना १० पैकी गुण द्यायचे. ७० पैकी ३५ च्या वर असेल तर उपचार चालू ठेवायला हरकत नाही. घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळे गुण द्यावेत. आकड्यांवर बोलणं सोपं जातं, आणि कॅलेंडरवर रोज चांगला-वाईट दिवस खूण केला तर घसरण नजरेतून सुटत नाही.

दयामरण पशुवैद्यकच देतात, सहसा मालकाची लेखी संमती घेऊन. बऱ्याचदा आधी गुंगीचं इंजेक्शन, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडे राहतात, नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं किंवा स्नायू हलल्यासारखं दिसू शकतं. तो जिवंत असल्याचं ते लक्षण नाही, पण आधी कुणी सांगितलं नसेल तर घरचे हादरतात. लहान मुलांना "त्याला झोपवलं" असं सांगू नये, मुलं झोपायलाच घाबरतात. "तो मेला, त्याचं शरीर बंद पडलं होतं" हे त्यांना समजतं.

झेपत नाही म्हणून आजारी कुत्रा लांब सोडून येणारेही आहेत. उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिलाय १० ते ५० रुपये!

एक काम मात्र कुत्रा जिवंत असतानाच करून ठेवावं लागतं. अंत्यविधी कुठे करायचा याची चौकशी. मुंबईत मालाडला महापालिकेने २०२३ मध्ये लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केली. इतर शहरांत महापालिकेला किंवा आपल्या डॉक्टरांना विचारून नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवावा, कारण रात्री दोन वाजता तो शोधण्याच्या मनःस्थितीत घरातलं कुणीच नसतं.