भारतातील विस्मृतीत गेलेल्या मोटारगाड्या

'''भारतातील विस्मृतीत गेलेल्या मोटारगाड्या''' म्हणजे स्वातंत्र्योत्तर काळात भारतात तयार झालेली वा जोडणी झालेली, परंतु अल्पसंख्येने किंवा अल्पकाळ बनल्यामुळे सामान्य स्मरणातून आणि रस्त्यांवरून जवळजवळ नाहीशी झालेली मोटारगाड्यांची प्रारूपे होत. स्टँडर्ड गॅझेल, स्टँडर्ड २०००, सिपानी डॉल्फिन, सनराइज बादल, हिंदुस्तान लँडमास्टर, प्रीमियर ११८ एनई, पूझो ३०९ ही त्यांतील काही नावे आहेत. प्रत्यक्ष उत्पादनापर्यंत न पोहोचलेल्या नमुना गाड्यांचाही, उदाहरणार्थ इचलकरंजी येथे तयार झालेल्या 'मीरा' या गाडीचा, या वर्गात समावेश केला जातो.

संस्थानिकांच्या आणि धनिकांच्या परदेशी बनावटीच्या गाड्या मौल्यवान म्हणून जपल्या गेल्या. त्या मानाने मध्यमवर्गीय कुटुंबांनी वापरलेल्या देशी गाड्या भंगारात गेल्या. त्यामुळे १९३० च्या दशकातील एखादी आलिशान गाडी आज संग्रहालयात पाहावयास मिळते, परंतु १९८० च्या दशकातील डॉल्फिन चालू स्थितीत क्वचितच आढळते.

== पार्श्वभूमी ==

भारतात मोटारगाड्यांची कारखान्यातील जोडणी १९२८ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने मुंबईत आपला जोडणी कारखाना उघडला. पुढे फोर्ड कंपनीनेही भारतात अशी जोडणी सुरू केली. या कारखान्यांत सुटे भाग परदेशातून आणून गाड्या उभ्या केल्या जात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देशी कंपन्या स्थापन होऊ लागल्या. १९४२ मध्ये हिंदुस्तान मोटर्स ही कंपनी निघाली. तिचे काम प्रथम गुजरातमधील ओखा बंदर येथे आणि नंतर पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे चालले. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना मुंबईतील कुर्ला येथे होता. १९४८ मध्ये मद्रास (आताचे चेन्नई) येथे स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी सुरू झाली.

१९५३ मध्ये केंद्र सरकारने असे धोरण स्वीकारले की, टप्प्याटप्प्याने सुटे भाग देशातच बनविण्याचा कार्यक्रम ज्या कंपन्यांकडे असेल त्यांनाच या व्यवसायात राहता येईल. परिणामी जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी भारतातील जोडणी बंद केली. प्रवासी गाड्यांच्या बाजारपेठेत पुढील सुमारे तीन दशके मुख्यतः वरील तीन देशी कंपन्याच राहिल्या. कोणती वस्तू किती संख्येने बनवावी यासाठी सरकारी परवाना आवश्यक होता. परकीय चलनाची टंचाई असल्यामुळे नवे साचे आणि यंत्रे आयात करणे कठीण होते. ग्राहकांना गाडीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागे.

अशा परिस्थितीत नवीन प्रारूप घडविण्याऐवजी परदेशात कालबाह्य होऊ लागलेले प्रारूप साच्यांसह विकत घेऊन ते येथे चालू ठेवणे कंपन्यांना सोयीचे ठरले. म्हणूनच बहुतेक जुन्या भारतीय गाड्यांचे मूळ एखाद्या ब्रिटिश वा इटालियन गाडीत सापडते.

== प्रमुख प्रारूपे ==

=== हिंदुस्तान मोटर्स ===

ॲम्बॅसडर ही या कंपनीची सर्वपरिचित गाडी होय. तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. तिच्या आधीची प्रारूपे मात्र फारशी कोणाला आठवत नाहीत. ब्रिटनमधील मॉरिस टेन या गाडीवरून हिंदुस्तान १०, तर मॉरिस ऑक्सफर्डवरून हिंदुस्तान १४ तयार झाली. मॉरिस मायनरवर आधारित लहान गाडी 'बेबी हिंदुस्तान' या नावाने विकली जाई. १९५० च्या दशकाच्या मध्यास ऑक्सफर्डच्या दुसऱ्या मालिकेवरून लँडमास्टर आली आणि तिसऱ्या मालिकेवरून त्याच दशकाच्या अखेरीस ॲम्बॅसडर आली. लँडमास्टर आणि ॲम्बॅसडर यांचे मधले शरीर बरेचसे सारखे असल्याने जुन्या छायाचित्रांत लँडमास्टरला ॲम्बॅसडर समजण्याची चूक वारंवार होते.

१९८४ मध्ये बाजारात आलेली काँटेसा ही व्हॉक्सहॉल कंपनीच्या एका ब्रिटिश गाडीवर बेतलेली होती. प्रशस्त शरीराच्या मानाने तिचे आरंभीचे १,४८९ घन सेंटिमीटरचे एंजिन अपुरे पडे. पुढे इसुझू या जपानी कंपनीचे १.८ लिटरचे एंजिन बसविल्यावर तिला लोकप्रियता मिळाली.

=== स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ===

या कंपनीने १९६१ मध्ये ट्रायम्फ हेराल्ड या ब्रिटिश गाडीची भारतीय आवृत्ती 'स्टँडर्ड हेराल्ड' या नावाने आणली. मूळ ब्रिटिश हेराल्ड दोन दारांची होती. भारतीय कुटुंबांची गरज ओळखून कंपनीने पुढे तिला चार दारे दिली. चार दारांची हेराल्ड जगात अन्यत्र कोठेही बनली नाही.

१९७२ मध्ये हेराल्डच्या जागी गॅझेल आली. तिच्यात ९४८ घन सेंटिमीटरचे जुने एंजिन कायम ठेवून मागील चाकांचा स्वतंत्र हलणारा आस काढून टाकण्यात आला व त्या जागी भारतीय रस्त्यांना अधिक मानवणारा एकसंध आस बसविण्यात आला. १९७७ मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्यानंतर काही वर्षे कंपनी केवळ व्यापारी वाहने बनवीत होती.

१९८५ मध्ये स्टँडर्ड २००० च्या रूपाने कंपनी पुन्हा प्रवासी गाड्यांकडे वळली. या गाडीचे शरीर रोव्हर एसडी१ या ब्रिटिश गाडीचे होते. रोव्हर एसडी१ ही १९७७ ची 'युरोपियन कार ऑफ द इयर' ठरली होती. भारतीय आवृत्तीत मात्र त्या देखण्या शरीराखाली जुन्या स्टँडर्ड व्हॅनगार्ड गाडीच्या परंपरेतले १,९९१ घन सेंटिमीटरचे एंजिन बसविण्यात आले आणि गाडीची जमिनीपासूनची उंची वाढविण्यात आली. किंमत जास्त, इंधन अधिक आणि वेग कमी, अशा तिहेरी अडचणीमुळे ती चालली नाही. १९८८ मध्ये उत्पादन बंद झाले. कारखान्यात उरलेले एसडी१ चे सुटे भाग पुढे ब्रिटनमधील सुट्या भागांच्या व्यापाऱ्यांनी विकत घेतले. अशा रीतीने भारतासाठी ठेवलेल्या भागांतून इंग्लंडमधील मूळ रोव्हर गाड्या दुरुस्त झाल्या.

=== सनराइज आणि सिपानी ===

बंगळूर येथे १९७४ मध्ये स्थापन झालेल्या सनराइज या कंपनीने 'बादल' ही तीन चाकी, बंदिस्त शरीराची लहान गाडी बनविली. तिला टू-स्ट्रोक एंजिन होते. रिक्षा आणि मोटारगाडी यांच्या मधली ही गाडी ग्राहकांच्या फारशी पसंतीस उतरली नाही. ही कंपनी नंतर सिपानी ऑटोमोबाइल्स या नावाने ओळखली जाऊ लागली.

१९८२ मध्ये सिपानीने रिलायंट किटन या ब्रिटिश गाडीवर आधारलेली डॉल्फिन बाजारात आणली. तिचे शरीर पत्र्याचे नसून फायबरग्लासचे होते आणि एंजिन ८४८ घन सेंटिमीटरचे, ॲल्युमिनियमचे होते. ही गाडी वजनाला हलकी असल्याने चपळ होती आणि शर्यतींच्या शौकिनांना ती आवडे. तथापि केवळ दोन दारे आणि पत्र्याऐवजी फायबरग्लास या गोष्टी सर्वसामान्य ग्राहकाच्या मनात शंका उत्पन्न करीत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० सुमारे ५० हजार रुपयांत उपलब्ध झाली आणि डॉल्फिनचा बाजार संपुष्टात आला. डॉल्फिनची सुधारित, चार प्रवासी दारे असलेली आवृत्ती 'मोंटाना' या नावाने काढण्यात आली. तिलाही फारसे यश लाभले नाही.

=== महाराष्ट्रात बनलेली प्रारूपे ===

प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यातून डॉज, प्लिमथ या अमेरिकन आणि फियाट या इटालियन गाड्या बाहेर पडल्या. फियाट ११०० या गाडीचे नाव पुढे प्रीमियर पद्मिनी झाले आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती अजरामर झाली. तिच्या तुलनेत १९८५ मध्ये आलेली प्रीमियर ११८ एनई आज विस्मृतीत गेली आहे. तिचे शरीर फियाट १२४ चे, तर १,१७१ घन सेंटिमीटरचे एंजिन निस्सान या जपानी कंपनीच्या रचनेचे होते.

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर परदेशी कंपन्या भारतीय भागीदारांसह पुन्हा भारतात आल्या. प्रीमियर आणि पूझो यांच्या भागीदारीतून १९९४ मध्ये कल्याण येथे पूझो ३०९ ही गाडी बनू लागली. युरोपात तिचे उत्पादन त्यापूर्वीच संपले होते. काही वर्षांतच पूझोने भागीदारीतून अंग काढून घेतले आणि ग्राहकांना सुटे भाग मिळेनासे झाले. महिंद्र आणि फोर्ड यांच्या भागीदारीतून नाशिक येथे बनलेली एस्कॉर्ट ही याच काळातील गाडी होय. पुण्यात टाटांनी १९९१ मध्ये सिएरा आणि १९९२ मध्ये इस्टेट ही गाडी आणली. भारतीय रचनेच्या या दोन्ही गाड्या तेव्हाच्या ग्राहकाच्या अपेक्षेपुढे होत्या.

=== मीरा ===

कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी येथील शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये 'मीरा' या लहान गाडीचा पहिला नमुना तयार केला. त्यानंतर १९७० च्या दशकापर्यंत त्यांनी तिच्या सुधारित आवृत्त्या बनविल्या. एंजिन मागील बाजूस असलेली, कमी किमतीची देशी गाडी सामान्य माणसाला मिळावी, हा त्यांचा उद्देश होता. ही गाडी कारखान्यातील उत्पादनापर्यंत पोहोचू शकली नाही.

== विस्मृतीची कारणे ==

एखादे प्रारूप विसरले जाण्यामागे गाडीतील दोष हेच कारण असते असे नाही. गॅझेल आणि डॉल्फिन या आपल्या काळाच्या मानाने विचारपूर्वक बनविलेल्या गाड्या होत्या. पुढील कारणे सामान्यतः आढळतात :

* '''अल्प उत्पादन :''' परवाना, भांडवल आणि सुटे भाग यांच्या मर्यादेमुळे मुळातच थोड्या गाड्या बनल्या.
* '''सुट्या भागांचा अभाव :''' कंपनी बंद पडली की पुढची काच, दिवे, रबरी पट्ट्या यांसारखे भाग मिळेनासे होतात. एंजिन बदलता येते. पुढची काच फुटली की गाडी उभी राहते.
* '''मारुतीचा प्रभाव :''' मारुती ८०० नंतर जुन्या गाड्यांची पुनर्विक्री किंमत कोसळली आणि दुरुस्तीपेक्षा भंगार स्वस्त पडू लागले.
* '''कागदपत्रांचा नाश :''' कारखाने बंद होताना आराखडे, उत्पादनाच्या नोंदी आणि माहितीपत्रके बहुधा जपली गेली नाहीत.

== शोध आणि ओळख ==

अशा गाड्या बहुधा जुन्या गॅरेजच्या मागील अंगणात, वाड्यांच्या पडवीत किंवा भंगार बाजारात सापडतात. गाडीवरील नामपट्टीवर विसंबून ओळख पटविणे धोक्याचे असते. कारण पट्ट्या गळून पडतात किंवा दुसऱ्या गाडीच्या बसविलेल्या असतात. सांगाड्यावर कोरलेला क्रमांक आणि उत्पादकाची पट्टी हा अधिक भरवशाचा पुरावा होय. नोंदणी पुस्तकात उत्पादकाचे नाव आणि उत्पादनाचे वर्ष दिलेले असते. एंजिनचा क्रमांक जुळला नाही तरी गाडी बनावट ठरत नाही; इंधनाचा खर्च वाचविण्यासाठी मूळ पेट्रोल एंजिन काढून डिझेल एंजिन बसविण्याची पद्धत भारतात सर्रास होती.

शरीराचे जे भाग मालक सहसा बदलत नाहीत, त्यांच्या आधारे प्रारूप ठरविता येते. छताचा उतार, काचांचा आकार, बिजागऱ्यांची जागा हे ते भाग होत. लँडमास्टर आणि ॲम्बॅसडर यांच्यातील फरक पुढील झाकणाच्या घडणीवरून आणि मागील पंखांसारख्या उंचवट्यांवरून कळतो. मूळ परदेशी प्रारूप ओळखता आले की त्याचे सुटे भाग आणि दुरुस्ती पुस्तिका परदेशातून मिळण्याची शक्यता वाढते. कौटुंबिक छायाचित्रे, जुन्या वृत्तपत्रांतील जाहिराती आणि वयोवृद्ध कारागिरांच्या आठवणी याही उपयोगी पडतात.

== जतन आणि कायदा ==

भारतात खाजगी गाडीची नोंदणी प्रथम १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर तिचे नूतनीकरण करावे लागते. दिल्ली व परिसरात १० वर्षांहून जुन्या डिझेल आणि १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांनी निर्बंध आले. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले.

त्याच वर्षी ऐतिहासिक वाहनांसाठी स्वतंत्र नियमही करण्यात आले. प्रथम नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना 'व्हीए' अक्षरे असलेला विशेष क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीसाठी ५,००० रुपये शुल्क असून नोंदणी १० वर्षे वैध राहते. अशी गाडी प्रदर्शन, मेळावे, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते.

या तरतुदीचा लाभ १९५० व १९६० च्या दशकांतील गाड्यांना मिळतो. १९८२ ची डॉल्फिन २०३२ मध्ये आणि १९८५ ची स्टँडर्ड २००० किंवा ११८ एनई २०३५ मध्ये या वयाला पोहोचेल. तोपर्यंत कायद्याच्या दृष्टीने ती केवळ जुनी गाडी असते. भारतीय मोटार उद्योगाच्या संक्रमणकाळातील गाड्या नेमक्या याच अंतरात सापडल्या आहेत. मूळ स्वरूपाची अटही त्यांना जड जाते, कारण एंजिन बदललेली गाडी त्या अटीत सहज बसत नाही.

सर्वत्र दिसणारे प्रारूपही किती लवकर नाहीसे होऊ शकते, याचे उदाहरण पद्मिनीचे आहे. मुंबईत टॅक्सीसाठी २० वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ मध्ये झालेली असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर या टॅक्सी शहराच्या रस्त्यांवरून हटल्या.

हरियाणातील तावडू येथील हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम, कोइंबतूर येथील जीडी कार म्युझियम आणि अहमदाबादजवळील ऑटो वर्ल्ड यांसारख्या संग्रहालयांत जुन्या मोटारगाड्या पाहावयास मिळतात. कोलकाता येथे १९६० च्या दशकापासून जुन्या गाड्यांचा वार्षिक मेळावा भरत आला आहे.

== हे सुद्धा पहा ==

* हिंदुस्तान ॲम्बॅसडर
* प्रीमियर पद्मिनी
* मारुती ८००
* वालचंद हिराचंद
* भारतातील आर्थिक उदारीकरण