बाहेरचा पार्ट बसवला, म्हणून ट्रॅक्टरची वॉरंटी जाते काय?



या पानावर आपण नेहमी बेणेप्रक्रिया, खोडव्यातील पाचट, खताचे हप्ते असे विषय घेतो. आजचा विषय ट्रॅक्टरचा आहे. गळीत हंगाम तोंडावर आला आहे, तोडणी-वाहतुकीचे करार होत आले आहेत. आपल्या कार्यक्षेत्रात कर्जावर घेतलेले बरेच नवे ट्रॅक्टर आहेत आणि त्यांतले पुष्कळसे अजून वॉरंटीत आहेत. अशा ट्रॅक्टरला बाजारातला फिल्टर, बेल्ट किंवा बेअरिंग बसवले तर कंपनीची वॉरंटी जाते काय, हा प्रश्न गट ऑफिसात मला वारंवार विचारला जातो. 'जाते' असे ठासून सांगणारे आहेत, 'काही होत नाही' म्हणणारेही आहेत. दोघांचेही अर्धेच खरे आहे.

गेल्या हंगामात आपल्याच दोन सभासदांवर हा प्रसंग आला. एकाचे काम वॉरंटीत झाले, दुसऱ्याचे झाले नाही. नावे देत नाही. पण दोन्ही वेळी मी बरोबर होतो, म्हणून हकीगत सांगतो.

पहिली हकीगत : गिअरबॉक्सची

पहिल्या सभासदाचा ट्रॅक्टर नऊ महिन्यांचा. ऐन जानेवारीत गिअरबॉक्समधून आवाज येऊ लागला आणि दुसऱ्या दिवशी गिअर पडेनासा झाला. भरलेला ट्रेलर रस्त्याच्या कडेला, टोळी फडात बसून. ट्रॅक्टर ओढून शोरूमला नेला. तिथल्या मॅनेजरने बॉनेट उघडले, इंजिनचा ऑइल फिल्टर पाहिला आणि सांगितले, "फिल्टर बाहेरचा आहे. वॉरंटी बाद."

सभासदाचा मला फोन आला. "साहेब, बँकेचा हप्ता मार्चमध्ये हाय. ट्रॅक्टर उभा राहिला तर भरू कशातनं?"

मी गेलो. मॅनेजरना एवढेच विचारले, "फिल्टर इंजिनचा, बिघाड गिअरबॉक्सचा. या ट्रॅक्टरला इंजिनचे ऑइल निराळे आणि गिअरबॉक्सचे निराळे. मग या फिल्टरमुळे ते बेअरिंग कसे गेले, ते सांगा." ते म्हणाले, "कंपनीचा नियम आहे." मी म्हटले, "मग तो नियम पुस्तकात दाखवा, आणि वॉरंटी नाकारण्याचे कारण जॉब कार्डवर लिहून द्या."

सर्व्हिस बुक काढून आम्ही दोघांनी मिळून वाचले. त्यात असे होते की, दुसऱ्या कंपनीच्या पार्टाला आणि त्या पार्टामुळे होणाऱ्या नुकसानीला वॉरंटी लागू नाही. सगळीच वॉरंटी रद्द होईल असे कुठेही लिहिलेले नव्हते. मग ते म्हणाले, "जादा लोड ओढला असेल." सभासद एकाच ट्रेलरने वाहतूक करीत होता आणि प्रत्येक खेपेची वजनपावती त्याने जपून ठेवली होती. पावत्या टेबलावर ठेवल्या. चौथ्या दिवशी कंपनीचा इंजिनिअर आला, गिअरबॉक्स उघडला, बेअरिंग सदोष निघाले. काम वॉरंटीत झाले. ऑइलचे पैसे तेवढे सभासदाने भरले. खेपा मात्र नऊ दिवसांच्या बुडाल्या, त्या बुडाल्याच.

दुसरी हकीगत : एअर फिल्टरची

दुसरे सभासद वयाने मोठे. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. त्यांच्या ट्रॅक्टरला वर्ष होत आले होते. एअर फिल्टर बदलायचा होता. कंपनीचा महाग वाटला म्हणून त्यांनी मला विचारले. मी म्हणालो, "फिल्टर तो फिल्टर, कशाला जादा पैसे घालता?" हे वाक्य माझे आहे, ते मी इथे कबूल करतो.

तात्यांनी बाजारातून स्वस्त फिल्टर घेतला, बिल घेतले नाही. त्याचे रबर नीट बसत नव्हते, बाजूने फट राहिली. आपल्याकडच्या फडातल्या रस्त्यांची धूळ कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. दीड-दोन महिन्यांत ट्रॅक्टर ऑइल खाऊ लागला, धूर टाकू लागला, चढाला दम तोडू लागला. इंजिन उतरवले तेव्हा हवेच्या पाइपात धूळ, लायनरला ओरखडे आणि रिंगा झिजलेल्या. कंपनीने लेखी कळवले की, न बसणाऱ्या फिल्टरमधून धूळ आत गेली म्हणून हे नुकसान झाले आहे, वॉरंटी लागू नाही. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. दुकानदाराकडे गेलो तर तो म्हणाला, "माल माझाच कशावरून?" बिलच नव्हते, बोलणार काय?

इंजिनचा सगळा खर्च तात्यांच्या अंगावर पडला आणि उरलेला हंगाम हातचा गेला. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. म्हणूनच हा लेख लिहिणे मला भाग वाटले.

मग नियम काय?

या दोन हकीगतींतच उत्तर आहे. पार्ट बाहेरचा आहे की कंपनीचा, एवढ्यावर निकाल लागत नाही. त्या पार्टामुळे तो बिघाड झाला काय, हे पाहावे लागते. बाहेरच्या पार्टाची जबाबदारी ट्रॅक्टर कंपनीवर नाही, आणि त्या पार्टाने केलेल्या नुकसानीचीही नाही. परंतु ज्याचा त्या पार्टाशी संबंधच नाही असा बिघाड त्याच कारणाने नाकारणे योग्य नव्हे.

मोटारगाड्यांच्या बाबतीत आपल्या देशात यावर मोठा निकाल झालेला आहे. २०११ साली दाखल झालेल्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्या सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत आणि गिऱ्हाइकाला आपल्याच वर्कशॉपला बांधून ठेवतात, असा त्यांच्यावर ठपका होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट घालू नये. बाहेरच्या सदोष दुरुस्तीमुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारावी, असे आयोगाने त्या आदेशात सांगितले. प्रकरण पुढे अपिलात गेले. २०१६ साली अपिलात काही कंपन्यांचा दंड कमी झाला, पण मूळ ठपका कायम राहिला.

एक लक्षात ठेवा, हा आदेश मोटार कंपन्यांविरुद्धचा आहे, ट्रॅक्टर कंपन्यांविरुद्धचा नव्हे. त्याचा कागद शोरूममध्ये दाखवला की काम झाले, असे समजू नका. वॉरंटी हा मुळात करार आहे आणि तुमच्या पुस्तकात काय लिहिले आहे ते आधी पाहिले जाईल. मात्र युक्तिवादाला हे तत्त्व उपयोगी पडते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, तिने विचारात घेतलेल्या क्षेत्रांत शेतीची यंत्रेही आहेत. हा प्रश्न आपला एकट्याचा नाही, हे त्यावरून कळते.

बाहेरचा माल सगळा सारखा नसतो

'बाहेरचा पार्ट' या एका शब्दात आपण तीन निराळ्या वस्तू घालतो. पहिली, नावाजलेल्या कारखान्याने स्वतःच्या नावाने विकलेला माल. कित्येकदा ट्रॅक्टर कंपनीला माल पुरवणारा कारखानाच तोच पार्ट आपल्या डब्यात घालून बाजारात विकतो. दुसरी, लहान कारखान्याचा स्वस्त माल. त्यात बरेही असते, वाईटही असते. तिसरी, ट्रॅक्टर कंपनीच्या नावाचा खोटा डबा छापून विकलेला डुप्लिकेट माल. ही सरळ फसवणूक आहे आणि कायद्याने गुन्हा आहे. डुप्लिकेटमध्ये गिऱ्हाईक दोनदा मरते, कारण त्याला वाटत असते की आपण कंपनीचाच पार्ट घातला आहे.

ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर या तीन वस्तूंत वॉरंटी असेपर्यंत काटकसर करू नये, असे माझे आता स्पष्ट मत आहे. फिल्टर स्वस्त असतो, पण तो ज्याचे रक्षण करतो ते इंजिन महाग असते. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले आहेत. त्या ट्रॅक्टरांची डिझेल यंत्रणा इलेक्ट्रॉनिक आणि फार नाजूक असते. त्यात घाण किंवा पाणी गेले तर खर्च आवाक्याबाहेर जातो. उलट सीटचे कव्हर, आरसा, टूलबॉक्स यांसाठी शोरूमच्या फेऱ्या मारायचे कारण नाही.

पार्टापेक्षा या गोष्टींनी वॉरंटी लवकर जाते

डिझेल पंपाचे सील तोडून ताकद वाढवून घेणे. साउंड आणि फोकस लावण्यासाठी मूळ वायरिंग कापणे. पुढे शॉर्ट झाले तर कंपनी हात वर करणार आणि तिचे चूक म्हणता येणार नाही. पुस्तकात दिल्यापेक्षा जादा भार ओढणे. आणि सर्वांत जास्त आढळणारी गोष्ट म्हणजे ठरलेल्या तासांना सर्व्हिसिंग न करणे. हंगामात ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतो, तासांचा काटा भराभर पुढे जातो आणि 'हंगाम उरकल्यावर बघू' म्हणत सर्व्हिसिंग राहते. क्लच प्लेट, ब्रेक लायनर, बेल्ट असल्या झिजणाऱ्या वस्तू बहुधा वॉरंटीत नसतातच. टायर आणि बॅटरीची हमी बहुधा त्या-त्या कंपनीची निराळी असते. हे आधीच वाचून ठेवा, म्हणजे वाद होणार नाही.

सभासदांनी काय करावे?

१. ट्रॅक्टर घरी आला की वॉरंटीचे पान वाचा. पुस्तक इंग्रजीत असेल तर मुलाकडून वाचून घ्या किंवा गट ऑफिसात आणा.

२. कोणताही पार्ट घ्या, पण पक्के बिल घ्या. बिलावर पार्टाचे नाव, कंपनी आणि तारीख असावी. पार्ट बसवल्या दिवशी तासांचा आकडा बिलामागे लिहा.

३. काढलेला जुना पार्ट आणि नव्याचा डबा लगेच टाकू नका.

४. बिघाड झाल्यावर गावच्या मेस्त्रीकडून इंजिन किंवा गिअरबॉक्स खोलू नका. आधी शोरूमला कळवा, तक्रारीचा नंबर घ्या.

५. वॉरंटी नाकारली तर कारण लेखी मागा. कोणत्या पार्टामुळे काय बिघडले हे लिहायला सांगा. तोंडी 'बाद' म्हणणे सोपे असते, लिहिताना माणूस विचार करतो.

६. खेपांच्या वजनपावत्या जपा. भार किती होता याचा तो पुरावा आहे.

एवढे करूनही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावे लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. पाच ते दहा लाखांच्या मालासाठी फी २०० रुपये आहे आणि वकील दिलाच पाहिजे असे नाही. पार्ट तपासायची गरज पडली तर आयोग प्रयोगशाळेकडून तपासणी करून घेऊ शकतो, म्हणून पार्ट जपायचा. मात्र पाच-सहा ट्रॅक्टर ड्रायव्हर ठेवून भाड्याने चालवणाऱ्यावर 'हा धंदा आहे, हे ग्राहक नव्हेत' असा आक्षेप येऊ शकतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः ट्रॅक्टर चालवणाऱ्याला कायद्याने ग्राहक मानले आहे.

तात्यांचा ट्रॅक्टर आता दुरुस्त झाला आहे आणि या हंगामाचा त्यांचा करारही झाला आहे. मागच्या आठवड्यात ते गट ऑफिसात आले, खिशातून फिल्टरचे बिल काढून माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, "साहेब, मागं तासाचा आकडा बी लिवलाय."

हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक वाहनधारक सभासदाने आपापले वॉरंटीचे पुस्तक शोधून ठेवावे, ही विनंती. अडचण असल्यास आपल्या गट ऑफिसात यावे. शंका विचारायला संकोच करू नये. मी पण आता विचारूनच सांगतो.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग